सांगलीतून बांधकामाचं सॉफ्टवेअर: साईटवरच्या पहिल्या वहीपासून पुण्यातल्या माणसापर्यंत

वालचंद कॉलेज १९४७ पासून सांगलीत इंजिनिअर घडवतंय आणि त्यातले बरेचसे पदवी हातात पडली की पुण्याची गाडी धरतात. अलीकडे काहीजण उलटेही येऊ लागलेत. कुणी आयटीत चार वर्षं काढलेला, कुणी वडिलांच्या ठेकेदारीत लक्ष घालणारी. साईटवरचा कागदांचा पसारा मोबाईलवर आणायचा, हे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं. भेटल्यावर पहिला प्रश्न येतो तो ॲप कशात बनवावं हा. तो यातला सगळ्यात सोपा प्रश्न.

अवघड भाग पुढं आहे. साईटवरची कोणतीही नोंद कुणाच्या तरी सोयीची आणि कुणाच्या तरी गैरसोयीची असते. सिमेंटचा हिशेब चोख लागला की स्टोअरवाल्याला घाम फुटतो, हजेरी चोख लागली की मुकादमाला, आणि दोन्ही लागले की कधीकधी मालकालाच. तुमची कंपनी रोज या ओढाताणीच्या मध्ये उभी असणार. तिथं कसं उभं राहायचं हे संस्थापकानं आधी ठरवायचं आणि मग सगळ्या टीमकडून पाळून घ्यायचं. या धंद्यातलं नेतृत्व मला तरी एवढंच दिसतं. बाकीचं भांडवल, भरती, वाढ वगैरे त्याच्यामागून येतं.

पायरी १: एकच वही उचला, एकच गिऱ्हाईक धरा

कुठल्याही साईटच्या पत्र्याच्या ऑफिसात शिरा. हजेरीची वही, उचलीची वही, सिमेंटची आवक-जावक, क्रश सँड-खडीची चलनं, स्टीलचं रजिस्टर, क्यूबचं रजिस्टर (क्यूब म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला ठरावीक दिवसांनी फोडायचे ठोकळे), मोजमापाची वही म्हणजे एमबी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खरडलेले फोन नंबर. नवा माणूस हे सगळं एका ॲपमध्ये कोंबायला निघतो.

अमेरिकेतल्या कटेरा कंपनीनं याहून मोठा घास घेतला होता. डिझाइन, कारखान्यात तयार होणारे भाग, माल, प्रत्यक्ष बांधकाम, सगळं एकाच छपराखाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं सुमारे २०० कोटी डॉलर गोळा केले आणि जून २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला. त्याच देशातल्या प्लॅनग्रिडनं फक्त ड्रॉइंग हातात घेतली: साईटवर प्रत्येकाच्या टॅबलेटवर ताजं ड्रॉइंग दिसलं पाहिजे, बस्स. तिच्या संस्थापकांपैकी ट्रेसी यंग यांनी स्वतः बांधकामावर इंजिनिअर म्हणून काम केलेलं होतं. २०१८ मध्ये ऑटोडेस्कनं ही कंपनी ८७.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं.

वही निवडायची कसोटी अशी: ही वही चुकली तर या आठवड्यात कुणाचे पैसे अडतात? एमबी फार महत्त्वाची, पण तिच्यावरून वाद होतो तो बिलाच्या वेळी. हजेरी आणि उचलीचा वाद दर पगाराला होतो. म्हणून सुरुवात हजेरीपासून किंवा मालापासून करा.

गिऱ्हाईकाचंही तेच. महापालिका हद्दीत अपार्टमेंट बांधणारा बिल्डर, सरकारी कामं घेणारा नोंदणीकृत ठेकेदार, कुपवाड एमआयडीसीत शेड उभारणारा आणि गुंठेवारीत बंगले बांधणारा मिस्त्री, यांची दुखणी वेगळी आहेत. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात, ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या योजनेला नोंदणीतून सूट आहे. त्याहून मोठ्या योजनेच्या बिल्डरला दर तिमाहीला कामाची प्रगती भरावीच लागते, म्हणजे त्याच्यावर नोंद ठेवायचं दडपण आधीच आहे. पहिली पाच गिऱ्हाइकं त्याच्यातून शोधा. बंगलेवाल्या मिस्त्रीला तुमचं सॉफ्टवेअर आवडेल, चहाही पाजेल, पैसे मात्र देणार नाही.

पायरी २: त्या वहीत इतकं शिरा की लाल रंग कुठं लावायचा हे कळेल

स्टीलचं उदाहरण घ्या. सळीचं वजन काढायचं सूत्र साईटवर सगळ्यांना पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीच्या सळीचं मीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरची एक सळी १०.६७ किलो, अशा १०० सळ्या १,०६७ किलो. आता गाडी वजनकाट्यावर गेली आणि काट्यानं १,१०० किलो दाखवले. बिल काट्याप्रमाणं, चलन काट्याप्रमाणं, स्टॉकला नोंदही १,१०० ची. वापर मात्र बीबीएसवरून (सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता), म्हणजे लांबी गुणिले सूत्र. शंभरच्या शंभर सळ्या कामात गेल्या तरी सॉफ्टवेअर म्हणणार, ३३ किलो स्टील गायब.

कुणी काही नेलेलं नाही. सळ्यांसाठीचं भारतीय मानक आयएस १७८६, त्याप्रमाणं १० च्या वर ते १६ मिमीपर्यंतच्या सळीला वजनात अधिक-उणे ५ टक्के सूट आहे, १० मिमीपर्यंत ७ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात. ३३ किलो म्हणजे जेमतेम ३ टक्के. पण डॅशबोर्डवर तो आकडा लाल दिसला आणि मालकानं तो संध्याकाळी घरी बसून बघितला, तर सकाळी सुपरवायझरची चंपी ठरलेली. त्या सुपरवायझरनं तुमच्या ॲपमध्ये पुन्हा कधी खरा आकडा भरावा?

म्हणून लाल रंगाची मर्यादा काय असावी हा डेव्हलपरवर सोडायचा प्रश्न नाही. संस्थापकानं ती मर्यादा मालागणिक स्वतः ठरवायची. सळीला एक, कटिंगच्या तुकड्यांना वेगळी, सिमेंटच्या फुटक्या पोत्यांना वेगळी. माल मोजून घेणाऱ्या स्टोअरकीपरजवळ बसल्याशिवाय हे आकडे मिळत नाहीत. तिथं बसायचा कंटाळा येत असेल तर हा धंदा करू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

पायरी ३: भरणाऱ्याच्या पदरात काय पडतं ते पाहा

पैसे मालक देतो, मेहनत सुपरवायझर आणि मुकादम करतात. हा या सॉफ्टवेअरचा मूळ पेच. मालकाला आवडलं म्हणून विक्री होते आणि मुकादमाला नकोसं म्हणून महिन्याभरात बंद पडतं.

मुकादमाला काय हवं असतं? पगाराच्या दिवशी उचल वजा करून प्रत्येकाच्या हातात किती द्यायचे, याचा बिनतक्रार हिशेब. तो हिशेब ॲपनं क्षणात काढून दिला, तर रोज सकाळी हजेरी तो आपणहून लावतो. मजुराला काय हवं? इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवायला त्याला ठेकेदाराच्या मागं फिरावं लागतं. तुमच्या हजेरीतून हे ९० दिवस तारीखवार छापून निघाले, ठेकेदारानं सही केली, तर तुमच्या ॲपची जाहिरात बिगारीच करेल.

बारकावे बरेच आहेत. जतच्या पूर्व भागातून आणि विजयपुराकडून येणाऱ्या टोळ्यांत कन्नड चालतं, म्हणून मराठीइतकंच कन्नड लागतं, आणि लिहिण्यापेक्षा बोलून भरायची सोय जास्त. सिमेंटनं भरलेल्या हातानं स्क्रीन चालत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बऱ्याच साईट अमावास्येला बंद असतात. तुमच्या कॅलेंडरमध्ये फक्त रविवारची सुट्टी असेल तर मुकादमाला लगेच कळतं की हे पुण्यात बसून केलंय. सुपरवायझर साईटजवळ राहत असेल तर त्याला शिकवायला तीच अमावास्या गाठा.

पायरी ४: कोण काय बघणार, हे पहिल्या विक्रीआधी कागदावर उतरवा

ही पायरी वगळून पुढं गेलेल्या कंपन्या दुसऱ्या-तिसऱ्या मोठ्या गिऱ्हाईकापाशी अडतात, म्हणून इथं जरा थांबतो.

एक पान पुरतं. त्यावर प्रत्येक प्रकारची नोंद, ती कोण भरणार, कोण बघणार, कोण बदलणार, आणि किती वर्षं राहणार. उदाहरणार्थ लोकेशन. मोठा बिल्डर हमखास म्हणतो, सुपरवायझर दिवसभर कुठं फिरतो ते मला दाखवा. तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या दिवसाचं काम. पण ते दिलंत की तुमचं ॲप साईटवर चुगलखोर ठरलं. लोकेशन फक्त हजेरी लावताना आणि फोटो काढताना घ्यायचं, मधल्या वेळेत नाही, असं पानावर आधीच लिहिलेलं असेल तर विक्रीवाल्या पोराला तिथल्या तिथं नाही म्हणता येतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, तेव्हा हे पान वकिलाकडूनही एकदा वाचून घ्या.

याहून कठीण म्हणजे क्यूबचं रजिस्टर. संध्याकाळी फोन येतो: "अहो साहेब, परवाची ती सात दिवसांची एंट्री तेवढी काढून टाका की. रिझल्ट कमी आलाय, पुढची स्लॅब अडलीय."

हा फोन सपोर्टच्या मुलीनं घ्यायचा नाही. संस्थापकानं घ्यायचा. पहिल्या वर्षात तरी असा प्रत्येक फोन तुमच्याचकडं आला पाहिजे, कारण तुम्ही काय उत्तर देता ते शेजारच्या टेबलावर सगळी टीम ऐकत असते आणि तीच पुढं कंपनीची रीत होते. उत्तरात दोन भाग असावेत. पहिला: "एंट्री निघत नाही साहेब. खाली दुसरी एंट्री करा, कारण लिहा, दोन्ही दिसतील." आणि लगेच दुसरा: "पण घाबरू नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात काँक्रीट पास-नापास ठरतं ते २८ दिवसांच्या क्यूबवर. सिमेंट पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं, असेल तर सुरुवातीला ताकद सावकाश येते. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच दाखवा, पुढच्या स्लॅबचं तेच ठरवतील."

नुसतं नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं. विषय कळून नाही म्हटलं की तोच माणूस पुढच्या वेळी एंट्री काढायला न सांगता सल्ला विचारायला फोन करतो. शिवाय ती नोंद त्याच्याच कामाची आहे, हेही त्याला पटवून द्या. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं इमारतीच्या रचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. चौथ्या वर्षी बीमला तडा गेला आणि प्रकरण पेटलं, तर तारीखवार, न खोडलेलं रजिस्टर त्याच्या बाजूनं बोलतं. मागून पुसता येणारं रजिस्टर कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.

त्याच पानावर शेवटची ओळ: कंपनी बंद पडली तर प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याची सगळी माहिती एक्सेलमध्ये मिळेल. सांगलीतल्या छोट्या कंपनीवर बिल्डर भरवसा ठेवायला कचरतो तो या एका शंकेमुळं.

पायरी ५: भागीदारी

थोडक्यात सांगतो. दोघं-तिघं असाल तर त्यातल्या एकानं साईटवर उन्हात उभं राहून काम केलेलं असावं. हिस्से चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतील आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेल्याला काही मिळणार नाही, असा करार सुरुवातीलाच करा. मावसभाऊ असला तरी करा. मावसभाऊ असला तर आधी करा. निर्णय अडला तर शेवटचा शब्द कुणाचा, हेही लिहा.

पायरी ६: पैशाचा हिशेब पावसाळ्यासकट मांडा

बांधकामात सगळ्यांचे पैसे वरून खाली झिरपत येतात आणि सॉफ्टवेअरवाला रांगेत शेवटचा. "आमचं आरए बिल निघालं की देतो" हे वाक्य तुम्हाला झोपेतही ऐकू येईल (आरए बिल म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्यानं निघणारं बिल). त्यावर इलाज म्हणजे आगाऊ पैसे. रक्कम लहान ठेवा, पण महिना सुरू व्हायच्या आधी घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, बिलावर नंबर छापा. पण त्या कायद्याची नोटीस पाठवायची वेळ आली म्हणजे ते गिऱ्हाईक गेलंच समजा.

दर माणसामागं लावू नका, साईटमागं लावा. दर माणसामागं लावला की मालक एकच लॉगिन घेतो, पासवर्ड पत्र्यावर खडूनं लिहिला जातो आणि पाचजण एकाच नावानं नोंदी करतात. मग कुणी काय भरलं हेच कळत नाही, म्हणजे तुम्ही जे विकताय त्याचाच जीव गेला.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर पायाची कामं रेंगाळतात, नव्या साईट सुरू होत नाहीत, मजूर पेरणीला गावी जातात. वर्षाचं अंदाजपत्रक बारा महिन्यांवर सारखं वाटून मांडाल तर ऑगस्टमध्ये पगाराला पैसे नसतील. चार महिन्यांचे पगार मेअखेर बाजूला काढून ठेवा.

आणि सांगलीत आहोत म्हणून महापुराचाही आराखडा हवा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा धोका पातळी ओलांडून शहरात शिरलं. ४० फुटांना काय करायचं आणि ४५ ला काय, हे कागदावर असू द्या: नदीकाठच्या साईटच्या मालाची यादी मालकांना पाठवणं, विम्यासाठी फोटो काढून घ्यायला सांगणं, पूरग्रस्त साईटची वर्गणी न मागता थांबवणं, आपल्या टीममधल्या कुणाचं घर पाण्यात आहे ते बघणं. पाणी चढायला लागल्यावर बैठक घ्यायला वेळ मिळत नाही.

पायरी ७: पहिली दहा माणसं

कोड लिहिणारा प्रत्येकजण, इंटर्नसुद्धा, रुजू झाल्यावर एका स्लॅबला पूर्ण दिवस उभा राहिला पाहिजे. सकाळी सेंट्रिंग आणि सळीची शेवटची तपासणी, मग आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या, गाड्या. ४० घनमीटरची स्लॅब म्हणजे सहा घनमीटरच्या सात गाड्या. आयएस ४५६ च्या तक्त्याप्रमाणं ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे १२ क्यूब. सात दिवसांचे हवेत तर ते आणखी वेगळे. व्हायब्रेटरचा आवाज, दोन गाड्यांमध्ये लांबलेलं अंतर, प्लांटला चाललेले फोन, आणि साईट इंजिनिअर एका हातानं चलनावर सही करतोय. तेवढ्यात तुमचं ॲप त्याला चौदा रकाने भरायला सांगतं आणि नेटवर्क नाही. हे ज्यानं बघितलं तो दुसऱ्या दिवशी आपणहून दहा रकाने काढून टाकतो. त्याला बैठकीत बसवून समजवायला लागत नाही.

सपोर्टला डिप्लोमा सिव्हिल केलेली, वर्ष-दोन वर्षं साईट केलेली मुलं-मुली घ्या. गिऱ्हाईकाचा फोन सकाळी आठला आणि संध्याकाळी सहानंतर येतो, कारण मधल्या वेळात तो कामात असतो. तेव्हा दहा ते सहा अशी ऑफिसची वेळ ठेवून सपोर्ट चालत नाही. दोन पाळ्या करा, दुपार मोकळी द्या.

टिकवण्याचं म्हणाल तर पुण्याच्या पगाराशी तुमची बरोबरी होणार नाही. पण घरी राहून जेवणं, भाडं नाही, विश्रामबागेतून दहा मिनिटांत ऑफिस, याची किंमत पोरांना कळते. अडतं ते घरच्यांचं. पाहुण्यांत सांगायला कंपनीचं नाव मोठं हवं असतं. वर्षातून एकदा सगळ्यांच्या आई-वडिलांना ऑफिसात बोलवा, पोरगं काय करतं ते त्याच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. पगारवाढीइतकाच याचा उपयोग होतो.

पायरी ८: वाढताना आधी स्वतःला बाजूला काढा

वीस-पंचवीस साईट होईपर्यंत प्रत्येक मालक तुम्हाला नावानं ओळखतो आणि सरळ तुम्हालाच फोन करतो. सुखाचं असतं ते. पण त्याच्यापुढं कंपनी जात नाही. अमुक तारखेपासून सपोर्टचा फोन दुसऱ्याकडं, दर ठरवणं तिसऱ्याकडं, असं एकेक काम नावानिशी सोपवा आणि ते सोपवल्याचं गिऱ्हाईकालाही कळवा. तरी मालक तुम्हालाच फोन करतील. "हे आता आमच्या मॅडम बघतात, त्या तुम्हाला लगेच फोन करतील" एवढंच सांगून ठेवा, स्वतः सोडवायला जाऊ नका. मॅडमनी तुमच्यापेक्षा वेगळा निर्णय दिला तरी तो त्या गिऱ्हाईकासमोर फिरवायचा नाही. पटला नाही तर नंतर दार लावून बोला. चौथ्या पायरीतलं पान मात्र कुणाकडं सोपवायचं नाही. त्यात बदल तुमच्याच सहीनं.

पुण्याची घाई करू नका. अमेरिकेतली प्रोकोर ही आज बांधकामाच्या सॉफ्टवेअरमधली मोठी कंपनी. २००२ मध्ये सुरू झाली आणि शेअर बाजारात आली २०२१ ला, म्हणजे एकोणीस वर्षांनी. आधी कोल्हापूर, मग कराड-सातारा. तिथल्या साईट तुम्ही स्वतः न जाता सुरू झाल्या आणि पावसाळा पार करून टिकल्या, तर पुण्याचा विचार करा.

पुण्याला पहिला माणूस पाठवताना विक्रीवाला नको. सांगलीत साईट सुरू करून दिलेला, मुकादमाशी वाद घालून पुन्हा त्याच्याच शेजारी बसून चहा प्यालेला सपोर्टवाला पाठवा. त्याच्याकडं सहा महिने विक्रीचं टार्गेट देऊ नका. ओळखीतल्या दोन-तीन साईट द्या, आणि तिथल्या सुपरवायझरनी स्वतःहून दुसऱ्या साईटचं नाव सुचवलं की मगच ऑफिसची जागा बघायला लागा.